रेघ आणि शेत



७०१ किलोमीटरांचा समृद्धी महामार्ग आपल्या गंगापूर-वैजापूर तालुक्यांतून गेला. त्याचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. उद्या कालव्याची वा विजेच्या तारांची रेघ येईल. तेव्हा प्रत्येकाचा प्रश्न एकच : ती माझ्या गटातून जाते काय? उत्तराला गट नकाशा आणि पट्टी पुरते.

रेघ दोन्हीकडे सरळ लांबवा व शेताचे कोपरे पाहा. सारे एकाच अंगाला असतील, तर रेघ शेताला शिवत नाही. काही इकडे, काही तिकडे पडले, तर लांबवलेली रेघ शेत कापते. मग मूळ रेघ तिथवर पोचते का, ते पाहावे. वळण असेल, तर सरळ तुकडे पाडून एकेक तुकडा बांधांशी ताडावा.

पण रस्ता म्हणजे नुसती रेघ नव्हे, तो पट्टा आहे. समृद्धीचा पट्टा साधारण १२० मीटरांचा. मधली रेघ बांधाबाहेर राहिली, तरी साठ मीटरांच्या आतली जमीन जातेच. म्हणून दोन्ही कडा तपासा. सारे कोपरे पट्ट्याबाहेर एकाच अंगाला असतील, तरच शेत सुटले.

मोजणीच्या दिवशी हा नकाशा घेऊन सर्वांनी मिळून बांधावर उभे राहावे. कोपऱ्यावर बोट ठेवून विचारलेला प्रश्न टाळणे कोणालाही जड जाते.