बोटीवरचं जेवण आणि बंद गळ्याचा कोट

क्रूझवरच्या औपचारिक जेवणाला पुरुषांनी काय घालावं, हा विषय आकाशवाणीने मला आज दिला आहे. कृष्णाकाठच्या या शेतीवाडीच्या भागात हा विषय कुणाच्या कामाचा, असं एखाद्याला वाटेल. पण सातारा-सांगलीच्या गावागावांतली मुलं आज अमेरिकेत, इंग्लंडात, ऑस्ट्रेलियात आहेत. आईवडिलांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली की ही मुलं त्यांना अलास्काच्या नाहीतर भूमध्य समुद्राच्या सफरीला नेतात. सिंगापूरच्या सहलीला जोडून बोटीवरच्या दोन-तीन रात्री तर आता सहल कंपन्यांच्या पत्रकांत सर्रास असतात. आपल्या मुंबईहूनही 2018 मध्ये गोव्यासाठी ‘आंग्रिया’ निघाली, 2021 पासून ‘कॉर्डेलिया’च्या सफरी सुरू झाल्या. तिकिटाबरोबर कार्यक्रमाचा कागद येतो, त्यात एखाद्या संध्याकाळपुढे ‘फॉर्मल’ असं छापलेलं असतं, आणि घरातला पुरुष तिथे अडतो. मग कुणी भाड्याचा सूट शोधतो, कुणी मुलाच्या लग्नातली चमचमणारी शेरवानी बॅगेत टाकतो, तर कुणी त्या रात्री जेवायलाच जायचं नाही असं ठरवून टाकतो.

माझं मत आधीच सांगतो, म्हणजे पुढचं ऐकायला सोपं जाईल. आपल्या माणसाने अशा जेवणाला बंद गळ्याचा, गडद रंगाचा, साधा आणि अंगाबरोबर शिवलेला कोट घालावा. भाड्याचा सूट नको, लग्नातली शेरवानी नको. बंद गळ्याचा कोट. यावर आक्षेप बरेच आहेत आणि त्यांतले काही वजनदारही आहेत. पण आधी बोटीचा नियम काय म्हणतो ते पाहू, कारण निम्मी भीती नियम न वाचल्यामुळे असते. सगळ्यांत कडक समजली जाते ती इंग्लंडची क्यूनार्ड कंपनी. तिच्या ‘गाला’ संध्याकाळीसुद्धा पुरुषांना डिनर जॅकेट चालतं, टाय किंवा बो लावून गडद सूट चालतो आणि आपापल्या देशाचा औपचारिक पोशाखही चालतो. हे त्यांच्याच सूचनांत दिलेलं आहे. दुसऱ्या टोकाला नॉर्वेजियनसारख्या कंपनीने सक्तीची औपचारिक रात्र ठेवलेलीच नाही. बाकीच्या या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी बसतात. आठवड्याच्या सफरीत अशी संध्याकाळ सहसा एक किंवा दोन असते. मुख्य भोजनगृहात बिनबाह्यांचे बनियन, पोहण्याचे कपडे आणि उलट्या टोप्या बहुतेक बोटींना चालत नाहीत. ज्याला नटायचं नाही त्याच्यासाठी बुफे उघडा असतो, कुणी उपाशी राहत नाही. म्हणजे बोट तुम्हाला साहेब व्हायला सांगत नाही. तुमचा स्वतःचा चांगला पोशाख घालून या, एवढंच तिचं म्हणणं आहे.

आता, ज्या काळ्या डिनर जॅकेटपुढे आपण दबतो त्याची जन्मकथा पाहिली तर बरीच भीड चेपते. 1865 च्या सुमारास इंग्लंडच्या युवराजाने लंडनच्या हेन्री पूल या शिंप्याकडून एक आखूड जाकीट शिवून घेतलं. लांब शेपटीच्या कोटात जेवायला अवघडल्यासारखं होतं, म्हणून घरगुती जेवणासाठी हा सुटसुटीत कपडा. म्हणजे आज सर्वांत औपचारिक मानला जाणारा हा पोशाख मुळात सोय म्हणून जन्मला. पुढे इंग्रजांच्या बोटी सुएझमार्गे मुंबईला येऊ लागल्या. तांबड्या समुद्रातला उकाडा या काळ्या जाकिटात सोसवेना, तेव्हा बोटींवरच्या साहेबांनी जाकीटच काढून ठेवलं. नुसता पांढरा सदरा, कमरेला रुंद पट्टा आणि काळी विजार. या वेशाला ‘रेड सी रिग’ असं रीतसर नाव मिळालं आणि ज्या आरमारांनी इंग्रजांचे रिवाज घेतले त्यांच्यात तो आजही आहे. हवामानापुढे नियम वाकला, आणि वाकवला तो नियम करणाऱ्यांनीच. मग आपणच तो दगडावरची रेघ समजून का बसावं?

परक्या सल्ल्याने शिवलेले कपडे माणसाला कसे एकटं पाडतात, याचा पुरावा आपल्याच इतिहासात आहे. 4 सप्टेंबर 1888 रोजी मोहनदास गांधी मुंबईहून ‘क्लाइड’ या बोटीने विलायतेला निघाले. इंग्रजी बोलण्याचा संकोच आणि काट्या-चमच्यांची सवय नाही, म्हणून ते भोजनगृहात गेलेच नाहीत. बरोबर नेलेल्या मिठाईवर आणि फळांवर केबिनमध्ये दिवस काढले. मित्रांनी करवून दिलेला पांढऱ्या फ्लॅनेलचा सूट त्यांनी खास उतरण्याच्या दिवसासाठी राखून ठेवला होता. पण सप्टेंबरअखेरीला तिथे तसा सूट घातलेले ते एकटेच निघाले. हे सगळं त्यांनी आत्मचरित्रात स्वतःच सांगितलं आहे. आणि 1931 मध्ये हाच माणूस ‘राजपुताना’ बोटीने गोलमेज परिषदेला गेला तेव्हा पंचा नेसून गेला, बकिंगहॅम राजवाड्यातल्या चहालाही त्याच वेशात गेला. मधल्या काळात त्यांनी आपला पोशाख स्वतः विचार करून ठरवला होता.

इथे एक वजनदार आक्षेप येतो. सूट म्हणजे काय नुसतं साहेबाचं अनुकरण? अजिबात नाही, आणि निदान साताऱ्याच्या श्रोत्यांना तरी हे वेगळं सांगावं लागू नये. 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भीमरावांचं नाव दाखल झालं. तेच आजचं प्रतापसिंह हायस्कूल. त्याच शाळेत ज्यांना वेगळं बसावं लागलं, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर पुढे आयुष्यभर उत्तम शिवलेल्या सुटात वावरले. ज्या समाजाला नीट कपडे घालण्याचाही हक्क नाकारला गेला होता, त्या समाजातल्या माणसाने अंगावर चढवलेला तो सूट ही मानाची जाहीर घोषणा होती. म्हणून ज्यांना सूट सवयीचा आहे, ज्यांच्या घरात त्याला असा अर्थ आहे, त्यांनी तो अवश्य घालावा. माझा विरोध सुटाला नाही. आयुष्यात कधी घातला नाही असा, दुसऱ्याच्या मापाचा, खांद्यावरून ओघळणारा भाड्याचा सूट, त्याला माझा विरोध आहे. पुन्हा सांगतो, सुटाला नाही, भाड्याच्या सुटाला.

दुसरा आक्षेप असा, की बंद गळा हा जोधपूरकडचा राजेशाही पोशाख, तो आपला कुठला? शंभर वर्षांपूर्वीचे आपल्या शाळांचे आणि वकीलमंडळींचे समूहफोटो पाहा. खाली धोतर, डोक्याला पगडी किंवा टोपी आणि अंगात गळ्यापर्यंत बटणं लावलेला लांब कोट. कोटाचा घाट थोडा बदलला, धोतराच्या जागी विजार आली, बंद गळा तोच राहिला. स्वतंत्र भारताच्या वकिलातींनीही औपचारिक समारंभाला तोच पत्करला. आणि आपल्याकडे गावोगाव निवृत्त फौजी आहेत. साताऱ्याजवळचं अपशिंगे तर ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखलं जातं. त्यांच्यातल्या कुणाही निवृत्त अधिकाऱ्याला विचारा, मेसमधल्या जेवणाला सैन्याबाहेरचा पाहुणा बंद गळ्यात आला तर त्याला कुणी अडवतं का. 2024 मध्ये भारतीय नौदलाने आपल्या अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये कुर्ता-पायजमा आणि वर बिनबाह्यांचं जाकीट यालाही परवानगी दिली. जिथे तांबड्या समुद्राचा रिवाज पिढ्यान् पिढ्या पाळला गेला, तिथेच हे झालं, म्हणून या बदलाचं महत्त्व मोठं आहे.

मग धोतर का नको, असं कुणी विचारेल. 2014 मध्ये चेन्नईच्या एका क्लबाने उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, नेसले म्हणून आत सोडलं नाही, तेव्हा तामिळनाडू विधानसभेने त्याच वर्षी अशा बंदीविरुद्ध कायदा केला. धोतराचा मान आहेच. जो रोज धोतर नेसतो त्याने बोटीवरही ते नेसावं, वर लांब कोट घालावा, फेटा बांधावा. भोजनगृहात त्याच्याइतका रुबाबदार माणूस शोधून सापडणार नाही. पण जो वर्षातून एकदा गणपतीला, तेही शिवलेलं धोतर चढवतो, त्याने हलत्या बोटीच्या जिन्यावर प्रयोग करू नये.

आता माझ्या जिव्हाळ्याच्या गोष्टीकडे येतो, ती म्हणजे शिलाई. तयार कोट घेऊ नका, शिवून घ्या. सांगलीच्या कापड पेठेत, साताऱ्याच्या मोती चौकाच्या आसपास, कराडला, मिरजेला अजून चांगले कारागीर आहेत. काम मिळालं तरच ते टिकतील. कापड काळं किंवा जवळजवळ काळं वाटेल असं निळं घ्या, लोकरमिश्रित सुटिंग. नुसतं सुती किंवा लिनन चुरगळतं. चकाकी नको, भरतकाम नको, सोनेरी बटणं नकोत. बटणं कापडाच्या रंगाची हवीत. कॉलरचा हुक लावल्यावर आत दोन बोटं सहज जावीत, त्याहून घट्ट असेल तर पहिल्या घासालाच गळा आवळेल, आणि सैल असेल तर मान हलली की कॉलर मागे लोंबते. आत पांढरा, पट्टीच्या कॉलरचा सदरा घाला. त्याची पांढरी रेघ कोटाच्या गळ्यावर जेमतेम दिसावी. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावरच संपली पाहिजे. बाकी सगळं अल्टर करता येतं, खांदा बिघडला की कोट बिघडला. आतलं कॅनव्हास शिवलेलं आहे की चिकटवलेलं, हे शिंप्याला विचारा. स्वस्तात चिकटवलेलं कॅनव्हास काही धुलायांनंतर छातीवर फुगे धरतं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, ट्रायल बसून घ्या. शिंपी माप उभ्या माणसाचं घेतो, पण हा कोट घालून तुम्ही दोन तास खुर्चीवर बसणार आहात आणि हात पुढे करून जेवणार आहात. म्हणून ट्रायलला खुर्ची मागा, सगळी बटणं लावून बसा, हात तोंडापर्यंत न्या. पोटावर बटण ताणलं, पाठीत आवळलं, बाही कोपराकडे सरकली, तर कोट परत शिंप्याकडे. मागे दोन्ही बाजूंना काप ठेवले तर बसताना कोट गोळा होत नाही. पुन्हा सांगतो, ट्रायल बसून घ्या.

एवढा खर्च एका रात्रीसाठी कशाला, असं घरातून विचारलं जाईल. एका रात्रीसाठी असता तर मीही नको म्हटलं असतं. पण हाच कोट पुतणीच्या लग्नात चालतो, संस्थेच्या सुवर्णमहोत्सवात चालतो, गौरवसमारंभात चालतो. भाड्याचा सूट मात्र दुसऱ्या दिवशी परत जातो. बोटीवर गरम होईल, अशीही शंका असते. भोजनगृह वातानुकूलित असतं, तिथे उलट गारठा जाणवतो. आणि “आम्ही पैसे भरलेत, हवं ते घालू” असं म्हणणाऱ्यांना एकच विचारतो. आपल्या गावच्या लग्नाच्या पंगतीला आपण नांगरावरच्या कपड्यांत जातो का? शेजारच्या टेबलावर कुणाच्या तरी संसाराला चाळीस वर्षं झालेली असतात, त्यांची ती संध्याकाळ आपल्याही कपड्यांनी सजते.

थोडं रागावून बोलतो, मनावर घेऊ नका. घरातल्या बाईने कुठल्या दिवशी कुठली साडी हे महिनाभर आधी लावून ठेवलेलं असतं आणि पुरुष आदल्या रात्री विचारतो, “माझे पायमोजे कुठे आहेत?” इतक्या सुंदर कोटाखाली पांढरे खेळाचे बूट घातले तर सगळ्या शिलाईवर पाणी पडतं. काळे चामड्याचे बूट, पॉलिश केलेले, आणि काळे पायमोजे, पोटरीपर्यंत येणारे. कोल्हापुरी चपला नेहरू शर्टावर, साध्या संध्याकाळी. औपचारिक रात्री बूट.

वेळ संपत आल्याची खूण झाली आहे, म्हणून बाकीचं भराभर सांगतो. बहुतेक बोटींवर आगीच्या भीतीने केबिनमध्ये इस्त्री वापरू देत नाहीत, तेव्हा कोट हँगरसकट पिशवीत न्या, आणि पोचल्यावर गरम पाण्याच्या वाफेत न्हाणीघरात टांगून ठेवा. मोठ्या बॅगा पहिल्या दिवशी केबिनमध्ये उशिरा येतात, म्हणून कोट हातातल्या सामानात ठेवा. जेवताना तो काढून खुर्चीला अडकवू नका. आणि सफर मे महिन्यातली असेल तर माप फेब्रुवारीतच द्या, कारण लग्नसराई लागली की आपल्याकडचा चांगला शिंपी नवं काम घेत नाही.