हिरवी बाग, रिकाम्या पेट्या



 रत्नागिरीतल्या या कार्यक्रमाचा मी स्वागताध्यक्ष; चहापाण्याकडे बघणं हे माझं खरं काम. पण मीही हापूसवाला, त्यामुळे बागेविषयी बोलल्याशिवाय राहवणार नाही.

हवामानबदल आपण व्याख्यानात ऐकण्याआधी कलमावर पाहिला. पाऊस वेळेत आवरायचा, जमिनीला ताण बसायचा, पालवी जून व्हायची आणि रात्रीच्या थंडीत मोहोर फुटायचा, हे आपलं जुनं गणित. आता पाऊस दिवाळीनंतरही गाठतो. ओल राहिली की झाड मोहोराऐवजी पालवी काढतं. बाग हिरवीगार दिसते, येणारा पाहुणा कौतुक करून जातो, पेट्या मात्र भरत नाहीत. थंडी लांबली तर वेगळीच पंचाईत. कणी, म्हणजे बारीक फळं, धरलेल्या डहाळीवर पुन्हा मोहोर येतो, अन्नरस तिकडे वळतो आणि आधीची फळं गळतात. ढगाळ हवेत तुडतुडे, अवकाळीनंतर करपा. फवारणीचा खर्च तेवढा चुकत नाही. पुढे उन्हाचा तडाखा. 2022 चा मार्च देशात 122 वर्षांतला सर्वांत उष्ण ठरला. अशा उन्हात लहान फळ गळतं, मोठं भाजतं. 2020 च्या ‘निसर्ग’ वादळाने तर दापोली-मंडणगडकडची झाडंच मुळासकट आडवी केली.

झाडं बदलत्या हवेशी झगडताहेत. आपले कागद मात्र जुन्याच हवेचे आहेत, असं माझं स्पष्ट मत आहे. फळपीक विम्यात नुकसान मोजलं जातं ते ठरलेल्या तारखांत, हवामान केंद्राच्या नोंदीवर. तारीख उलटल्यावर पाऊस पडला तर बागायतदाराने दाद कुठे मागायची?

दोष आपलाही आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूसच्या संकरातून ‘रत्ना’ ही जात दिली, तिच्यात साका, म्हणजे गर आतून खराब होण्याचा दोष, होत नाही. बाजार हापूसच मागतो हे खरं, पण आपण तरी तिची किती कलमं लावली?

विद्यापीठातून आलेल्या शास्त्रज्ञ मंडळींना विनंती, 2050 साली काय होईल ते जरूर सांगा. पण येत्या नोव्हेंबरात पाऊस झाला तर पहिली फवारणी कधी घ्यायची, हे आधी सांगा. आणि बागायतदारांनो, मोहोराच्या, फवारणीच्या तारखा वहीत लिहून आणल्या असतील तर त्या इथे मांडा. विम्याच्या तारखा बदलून घ्यायच्या तर त्या नोंदी लागतील.