संगणकाने काय विचारावे?

महाड आणि पोलादपूर या तालुक्यांत संगणक दुरुस्त करणाऱ्या व शिकविणाऱ्या मंडळींनी या संमेलनाचे अध्यक्षपद मजकडे सोपविले, याबद्दल आभार मानून मी दिसावयास क्षुद्र, परंतु आपल्या रोजच्या धंद्यातील अशा एकाच विषयाकडे वळतो: ऑपरेटिंग सिस्टिम चढविणाऱ्या इन्स्टॉलरने माणसास किती प्रश्न विचारावेत?

अर्जासोबत गावचा दाखला जोडलेला असताना कचेरीतील कारकुनाने पुन्हा गावाचे नाव विचारावे, तसे पुष्कळ इन्स्टॉलर वागतात. भारत हा देश निवडल्यावर प्रमाणवेळ विचारण्याचे प्रयोजन उरत नाही, कारण देशभर वेळ एकच. मेमरी किती, प्रोसेसर कोणता, हे तर यंत्र स्वतःच पाहू शकते. डेबियन या लिनक्स प्रणालीच्या कर्त्यांनी या बाबतीत दाखविलेला विवेक मला आदरणीय वाटतो. त्यांच्या डेबकॉन्फ योजनेत प्रत्येक प्रश्नास महत्त्वानुसार चारांपैकी एक प्रत लावलेली असते, नेहमीच्या रीतीत वरच्या दोन प्रतींचेच प्रश्न पुढे येतात आणि उरलेल्यांची उत्तरे मुक्रर करून ठेवलेली असतात. ज्यास बारीकसारीक तपशिलात लक्ष घालावयाचे, त्याच्यासाठी तज्ज्ञांचा मार्ग निराळा खुला आहेच. कळफलकाचा प्रश्न मात्र असा परस्पर निकालात काढता येत नाही, कारण मराठी निवडणारा प्रत्येक जण इनस्क्रिप्ट मांडणीच वापरतो असे नव्हे, आणि पासवर्ड भलत्याच कळफलकाने नोंदला गेला तर मालकच दाराबाहेर राहतो.

प्रश्नांच्या संख्येइतकेच त्यांच्या वेळेला महत्त्व आहे. अर्धे काम झाल्यावर यंत्राने नवा प्रश्न काढून खोळंबून बसावे, आणि आपण तोवर दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या प्रिंटरमध्ये गुंतलेले असावे, हा अनुभव येथे कोणास नवा नाही. ऑक्टोबर २०१० मधील, उबुंटू या दुसऱ्या लिनक्स प्रणालीच्या १०.१० या आवृत्तीने डिस्कचा निर्णय होताच फाइली उतरविण्यास आरंभ करून उरलेले प्रश्न त्याच अवधीत विचारण्याची तजवीज केली. लॅपटॉप चार्जरला जोडलेला आहे की नाही, हेही ती आधी पाहत असे. पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसलेल्या आपल्या मुलखात या दक्षतेचे मोल अधिक आहे.

आता ज्या प्रश्नावर इन्स्टॉलरने खरोखर थांबावे, तो डिस्कचा. आपल्याकडे ‘फॉरमॅट मारून द्या’ म्हणणाऱ्याच्या मनात सी ड्राइव्ह पुसावा आणि डी ड्राइव्हवरील दुकानाचे हिशेब, लग्नाचे फोटो, मुलांचे दाखले सुखरूप राहावेत, असे गृहीत असते. इन्स्टॉलर मात्र ‘संपूर्ण डिस्क वापरा’ असे सोज्वळ शब्द पुढे करतो आणि त्या शब्दांत डी ड्राइव्हचाही अंत सामावलेला असतो. येथे सुटसुटीतपणाचा हव्यास घातक होय. डिस्क किती जीबीची, तिच्यावर सध्या कोणती सिस्टिम आहे, कोणता भाग जाणार व कोणता राहणार, हे स्वच्छ मराठीत दाखवून मगच संमती घ्यावी. जुलै २०२१ च्या महापुरात बाजारपेठ पाण्याखाली गेलेली पाहिलेल्या या महाड शहरास एकुलत्या एका दप्तराच्या नाशाचा अर्थ मी सांगावयास नको.

आणखी एक गोष्ट. सिस्टिम चढविणारा महाडच्या दुकानात बसतो आणि संगणक पोलादपूरकडील एखाद्या वाडीत जावयाचा असतो. तेव्हा नाव आणि पासवर्ड हे प्रश्न मेकॅनिकला विचारूच नयेत. मालक प्रथम यंत्र सुरू करील तेव्हा त्याला विचारावेत. दुपारच्या बैठकीत आपण प्रश्नांची यादी करावयास बसू, तेव्हा प्रत्येक प्रश्नापुढे तो कोणी कोणास विचारावयाचा, यासाठी एक रकाना मोकळा ठेवावा, अशी माझी सूचना आहे.