कुकी म्हणजे नेमकं काय?

बालमित्रांनो, मालवणच्या बाजारात शिंप्याकडे कापड टाकलं की तो नंबराची चिठ्ठी देतो. ती दाखवली की आपलेच कपडे मिळतात. इंटरनेटवरची कुकी तशीच. आपण वेबसाइट ज्यात उघडतो, त्या ब्राउझरकडे ती वेबसाइट एक छोटीशी नोंद ठेवते. पुढच्या वेळी ब्राउझर ती दाखवतो आणि वेबसाइट आपल्याला ओळखते. १९९४ साली नेटस्केप कंपनीतल्या लू मॉन्टुली यांनी ही युक्ती काढली. तुम्ही निवडलेली मराठी भाषा पुन्हा आपोआप दिसते, ती बहुधा कुकीमुळेच.

पण काही कुकीज जाहिरातवाल्यांच्या असतात. आज तारकर्लीच्या स्कूबा डायव्हिंगची माहिती पाहिलीत, तर उद्या भलत्याच वेबसाइटवर त्याचीच जाहिरात दिसू शकते. म्हणून वेबसाइटने कुकीजबद्दल विचारलं, तर ‘ॲक्सेप्ट ऑल’ (सगळ्या स्वीकारा) दाबण्याआधी आईबाबांना विचारा. नको त्या कुकीज नाकारा. जुन्या कुकीज ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन पुसताही येतात.