रात्रीच्या तापाचं बिल



 डॉक्टरांच्या अधिवेशनाच्या अध्यक्षानं व्यवसायापुढच्या सगळ्याच प्रश्नांचा धावता आढावा घ्यावा अशी प्रथा आहे. ती आज मी पाळणार नाही. नोंदणीचे नियम, जैववैद्यकीय कचरा, दवाखान्यांवरचे हल्ले या विषयांवर उद्या स्वतंत्र सत्रं आहेत. मी एकाच गोष्टीबद्दल बोलणार आहे. आपण संध्याकाळी दवाखाना बंद करतो, तो सकाळी उघडेपर्यंत साध्या आजारासाठी माणसाला काय किंमत मोजावी लागते, एवढंच.

कुठल्याही मध्यम शहरातलं घर घ्या. तीन वर्षांचं मूल, रात्रीचे साडेअकरा, ताप १०३. आईबाप दोघं नोकरी करणारे, आजी गावाला. कोपऱ्यावरचा दवाखाना नऊला बंद झालेला. पाटीवरच्या नंबरला कुणी उत्तर देत नाही. मग रिक्षा, आणि रिक्षानं मोठ्या रुग्णालयाची कॅज्युअल्टी. आधी नोंदणीची पावती, मग कॅज्युअल्टीचा आकार, ड्युटीवरच्या डॉक्टरांची तपासणी, आणि बालरोगतज्ज्ञांचा फोनवर सल्ला घेतला म्हणून त्याचा वेगळा आकार. रक्त जातं सीबीसी, सीआरपी, मलेरिया, डेंग्यूसाठी. रक्त काढताना इंट्राकॅथ लावलेली असते. ती लावलीच आहे तर पॅरासिटामॉलही शिरेतूनच जातं. सिरिंज, हातमोजे, सलाईनचा सेट, चिकटपट्टी या प्रत्येकाची बिलात स्वतंत्र ओळ. दोन तास ऑब्झर्व्हेशन. पहाटे मूल बिस्किट मागतं आणि बाप काउंटरवर काही हजार रुपये भरतो. ज्या औषधानं ताप उतरला, त्याच्या पातळ औषधाची बाटली पन्नास रुपयांच्या आसपास मिळते.

असा रुग्ण दुसऱ्या दिवशी आपल्याकडे फाइल घेऊन आला की आपल्यातले बरेच जण म्हणतात, "एवढ्याशा तापाला कशाला धावलात?" हा प्रश्न विचारणं आपण थांबवलं पाहिजे. ताप एवढासा होता हे पहाटे चार वाजता कळलं. साडेअकरा वाजता ते कुणाला ठाऊक होतं? आईला नव्हतं. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरलाही नव्हतं, म्हणून तर त्यानं चार तपासण्या लावल्या.

अमेरिकेत या प्रश्नाचा बारकाईनं अभ्यास झाला आहे. तिथे बिल इतकं मोठं येतं की मुलाकडे राहायला गेलेले आपले पुण्या-नाशिकचे आईवडील पोटदुखी सोसत बसतात, पण इमर्जन्सीचं नाव काढत नाहीत. १९८६च्या कायद्यानं तिथल्या इमर्जन्सी विभागाला दारात आलेल्या कुणालाही तपासल्याशिवाय परत पाठवता येत नाही. बिल मात्र मागाहून येतं, आणि डॉक्टरांच्या फीशिवाय नुसत्या त्या जागेचा आकारही त्यात असतो. काही विमा कंपन्यांनी शेवटचं निदान किरकोळ निघालं म्हणून पैसे नाकारायला सुरुवात केली. २०१३ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. इमर्जन्सीत आलेल्यांपैकी सुमारे ६.३ टक्के रुग्णांचं अंतिम निदान साध्या दवाखान्यात भागलं असतं असं निघालं. पण ते ज्या तक्रारी घेऊन आले होते, त्याच तक्रारी एकूण रुग्णांपैकी ८८.७ टक्क्यांच्या तोंडी होत्या. छातीत दुखतंय, पोटात दुखतंय, ताप आहे. दारात उभ्या असलेल्या माणसाकडे पाहून हा किरकोळ आणि हा गंभीर असं सांगता येत नाही. जे डॉक्टरला दारात सांगता येत नाही, ते रुग्णानं घरातच ओळखायला हवं होतं असं म्हणणं अन्यायाचं आहे.

आणि आपल्याला तर हे अनुभवानं माहीत आहे. साठीच्या मधुमेही बाईची 'ॲसिडिटी' हृदयविकाराचा झटका निघालेली आपल्यातल्या प्रत्येकानं पाहिली आहे. कोकणात विंचूदंशाकडे एकेकाळी नुसती वेदना म्हणून पाहिलं जाई. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी घाम, उलटी, गार पडलेले हातपाय यांकडे नीट लक्ष दिलं आणि प्राझोसिनच्या साध्या गोळीनं माणसं वाचवता येतात हे जगापुढे ठेवलं. किरकोळ दिसणाऱ्या गोष्टीत मरण असू शकतं, हे शिकवणारी भूमी आपलीच आहे.

मग बिल एवढं का होतं? सगळा दोष रुग्णालयांच्या लोभावर टाकणं सोपं आहे. लोभ आहेच. रुग्ण दाखल करण्याची, तपासण्यांची उद्दिष्टं आखून देणारी व्यवस्थापनं आहेत, त्यांना पाठीशी घालायचं मला काहीच कारण नाही. पण उद्दिष्टं नसलेल्या सचोटीच्या ट्रस्ट रुग्णालयातही हे बिल लहान होत नाही. कॅज्युअल्टी चोवीस तास सज्ज ठेवावी लागते. व्हेंटिलेटर, डिफिब्रिलेटर, रक्ततपासणी, एक्स-रे, तीन पाळ्यांचा कर्मचारीवर्ग. अपघातात सापडलेल्या माणसासाठी ही सज्जता लागतेच, आणि तिचा खर्च दारात येणाऱ्या सगळ्यांवर वाटला जातो. तापाचं मूल त्या व्हेंटिलेटरचा वाटा भरतं.

याच्याही खाली एक कारण आहे आणि तेच मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. कॅज्युअल्टीतला तो तरुण डॉक्टर त्या मुलाला ओळखत नाही. मागच्या महिन्यात त्याला असाच ताप येऊन दोन दिवसांत गेला होता, त्याच्या बहिणीला परवाच सर्दी झाली होती, त्याची आई सहसा घाबरणारी नाही आणि आज घाबरली आहे म्हणजे काहीतरी आहे, यातलं त्याला काहीही माहीत नाही. उद्या सकाळी हे मूल पुन्हा दिसेल याचीही खात्री नाही. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयानं वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली, तेव्हापासून चुकलेलं निदान ग्राहक आयोगापर्यंत जाऊ शकतं हेही त्याच्या मनात असतं. म्हणून तो तपासण्या लिहितो. त्याच्या जागी मी असतो तर मीही लिहिल्या असत्या. आपल्याला ज्या गोष्टी फुकट माहीत असतात, त्या त्याला पैसे खर्चून मिळवाव्या लागतात, आणि ते पैसे रुग्णाचे असतात. रात्रीच्या बिलात सर्वांत मोठी रक्कम या अनोळखीपणाची असते.

विमा आणि सरकारी योजना या ठिकाणी फार कमी उपयोगी पडतात. बहुतेक मेडिक्लेममध्ये किमान चोवीस तास दाखल असल्याशिवाय पैसे मिळत नाहीत. त्यामुळे सहा तासांत घरी जाऊ शकणारा माणूस "पॉलिसी आहे ना, मग एक रात्र राहा" या सल्ल्यानं दाखल होतो, आणि काही हजारांचं बिल पाच आकडी होतं. हप्ता पुढच्या वर्षी सगळ्यांचाच वाढतो. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांनी मोठ्या शस्त्रक्रियांत गरिबांना मोठा आधार दिला, पण बाहेरच्या बाहेर तपासून घरी पाठवण्याजोगा आजार त्यांच्या हिशेबात नाही. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे देशाच्या एकूण आरोग्यखर्चातला लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. सुधारणा खरी आहे. तरी शंभरातले जवळजवळ चाळीस रुपये माणूस अजून स्वतः देतो.

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क झाले. मुंबईत 'आपला दवाखाना' रात्री दहापर्यंत उघडा असतो, हे चांगलंच पाऊल आहे. दहानंतर मात्र पुन्हा कॅज्युअल्टीच. सरकारी कॅज्युअल्टीत पैसे लागत नसले तरी रात्र जाते, दुसऱ्या दिवसाचा रोज बुडतो, आणि एका डॉक्टरसमोर कानदुखी आणि रेल्वे अपघात एकाच रांगेत उभे राहतात.

बाहेर कुणी याचं उत्तर शोधलं आहे का? नेदरलँड्सचं उदाहरण मला शिकण्यासारखं वाटतं. तिथे फॅमिली डॉक्टरांवर रात्रीचा असाच ताण होता. साधारण २००० सालाच्या आगेमागे त्यांनी गावोगाव एकत्र येऊन रात्रीची आणि सुट्टीच्या दिवसांची सामायिक केंद्रं काढली. रुग्ण आधी फोन करतो. प्रशिक्षित सहायिका ठरावीक प्रश्न विचारून निकड ठरवते, मागे फॅमिली डॉक्टर बसलेला असतो. घरी काय करायचं ते सांगितलं जातं, किंवा केंद्रावर बोलावलं जातं, किंवा डॉक्टरच गाडी घेऊन घरी जातो. पैशांची रचनाही विचारपूर्वक केली आहे. तिथल्या विम्यात प्रौढ माणसाला वर्षाचे पहिले ३८५ युरो स्वतः भरावे लागतात. रुग्णालयाच्या इमर्जन्सीचा खर्च त्यात धरला जातो, फॅमिली डॉक्टरचा, रात्रीच्या केंद्राचासुद्धा, धरला जात नाही. रुग्णाला कुणी दटावत नाही आणि तरी त्याला कुठे जायचं ते कळतं.

"हे त्यांना जमतं, आपल्याला कुठलं?" असं कुणी म्हणेल. त्यांनी गडचिरोलीकडे पाहावं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 'सर्च' या संस्थेच्या कामात दायांना आणि गावातल्या स्त्रियांना बाळाचा न्यूमोनिया ओळखायला शिकवलं. आकडे न येणाऱ्या दायांसाठी मण्यांचं श्वासमोजणीचं साधन तयार केलं. त्या कामाचे निष्कर्ष १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये आले. १९९९ साली घरोघरच्या नवजात-सेवेचे आले, त्यात नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. ओळखायच्या खुणा साध्या आहेत: दोन महिन्यांवरच्या पण वर्षाखालच्या बाळाचे श्वास मिनिटाला ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त, तर थांबायचं नाही. पाणी पीत नाही, सगळं उलटून पडतंय, झटका आला, मूल मलूल पडलंय, तर तसंच निघायचं. हे गडचिरोलीतल्या शाळा न पाहिलेल्या बाईला शिकवता येतं, तर पुण्याच्या सोसायटीतल्या पदवीधर आईला आपण का शिकवलं नाही? लसीकरणाला ती दर काही आठवड्यांनी आपल्याच समोर बसलेली असते.

माझं मागणं इथून सुरू होतं. घरात लहान मूल, मधुमेही किंवा एकटे राहणारे वृद्ध असतील, तर दिवसाच्या तपासणीतच आपण त्यांना एक कागद लिहून द्यावा. वजनाप्रमाणे तापाच्या औषधाची मात्रा, आधीचे आजार, चालू गोळ्या, कशाची ॲलर्जी, काय दिसलं तर थांबायचं नाही, काय असेल तर सकाळपर्यंत वाट बघता येते. मराठीत, स्वच्छ अक्षरात. तो कागद घेऊन माणूस कॅज्युअल्टीत गेला, तर तिथल्या डॉक्टरसाठी तो निम्मा ओळखीचा झालेला असेल.

दुसरं मागणं कठीण आहे. आपल्यातला कुणीही एकटा रोज रात्री जागू शकत नाही. आधीची पिढी मध्यरात्री व्हिजिटला जायची, पण दवाखान्यावर घरच होतं, आणि त्यांच्या घरच्यांनी त्याची किंमत मोजली. ते परत आणा असं मी म्हणणार नाही. आज दवाखान्याची जागा भाड्याची आहे, घर दहा किलोमीटरवर आहे, रात्री एकट्या बाई-डॉक्टरनं दार उघडावं अशी परिस्थिती नाही. पण एका प्रभागात किंवा तालुक्याच्या गावात वीस-पंचवीस जण एकत्र आले, तर महिन्यातून एक किंवा दोन रात्री वाट्याला येतात. बसायची जागा ट्रस्टच्या एखाद्या रुग्णालयानं कॅज्युअल्टीशेजारीच द्यावी, म्हणजे सुरक्षारक्षक आहे, आणि गंभीर रुग्ण दोन मिनिटांत पलीकडे जातो. फी एकच, फलकावर लिहिलेली. फोनवर सल्ला देण्याला २५ मार्च २०२०च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मान्यता दिली आहे, त्यासाठी फी घेता येते. तातडीच्या प्रसंगी मात्र प्रथमोपचार सांगून रुग्णाला लगेच पाठवायचं, हेही त्यांतच आहे. शंका आली की १०८.

रुग्णालयांना एवढंच सांगणं आहे. शुश्रूषागृह नोंदणीच्या २०२१च्या नियमांनी दरपत्रक लावणं बंधनकारक केलं आहे. ते कॅज्युअल्टीच्या दारात, उजेडात लावा. बिलिंगच्या खिडकीमागे लावलेला कागद रात्री कुणी वाचत नाही. आणि गंभीर रुग्णाकडे आधी डिपॉझिट मागू नका. १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं जीव वाचवणं हे प्रत्येक डॉक्टरचं पहिलं कर्तव्य ठरवलं, त्यात सरकारी-खाजगी असा भेद ठेवलेला नाही.

सरकारला २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाची आठवण करून द्यावी लागेल. आरोग्याच्या पैशातला दोनतृतीयांश किंवा अधिक वाटा प्राथमिक सेवेला द्यायचा, असं ते धोरण म्हणतं. रात्रीची केंद्रं ही प्राथमिक सेवाच आहे. त्यातला काही वाटा आम्हाला द्या, हिशेब आम्ही जाहीर मांडू.

या मागण्यांचा ठराव उद्या दुपारच्या खुल्या सत्रात येणार आहे, मसुदा आपल्या पिशवीत आहे. त्यावर भरपूर भांडा. फी किती असावी, ग्रामीण भागात वीस डॉक्टर आणायचे कुठून, आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या सहकाऱ्यांची भूमिका काय, फोनवरच्या सल्ल्यात चूक झाली तर जबाबदारी कुणाची, या प्रश्नांची उत्तरं मसुद्यात अपुरी आहेत आणि ती आपणच भरायची आहेत. सत्राच्या दाराशी एक वही ठेवली आहे. तिच्यात आपापल्या गावाचं किंवा प्रभागाचं नाव आणि महिन्यातली कुठली रात्र आपण घेऊ शकता, ते लिहा. चर्चा सुरू होण्याआधी लिहिलंत तर बरं, म्हणजे कुठल्या पाच ठिकाणी येत्या पावसाळ्याआधी सुरुवात करता येईल ते उद्याच ठरवता येईल.