गोष्टीतले गुपित आणि शेजारचे चित्र



माझ्या हातून झालेल्या एका चुकीपासून आज सुरुवात करते. आमच्या शाळेचे दर वर्षी एक हस्तलिखित निघे. मुलांनी लिहायचे, चांगले अक्षर असणाऱ्यांनी उतरवून काढायचे, आणि चित्रे कोणती द्यायची ते मी ठरवायचे. एका वर्षी सातवीतल्या एका मुलीने गोष्ट दिली. गाव नदीकाठचे. पावसाळ्याची रात्र, नदीला पाणी चढलेले, घरात वहिनी अडलेली, आणि डॉक्टर पलीकडच्या तीरावर. नावाडी तापाने फणफणलेला. अशा वेळी कुणीतरी होडी घालते आणि डॉक्टरांना घेऊन येते. गोष्ट सांगणारे माणूस तेच. "मी दावं सोडलं. होडी लोटली. वल्हं पाण्यात घातलं." अशी लहान लहान वाक्ये. अंधारात डॉक्टरांनाही तोंड दिसत नाही. होडी काठाला लागल्यावर ते बॅटरीचा झोत टाकतात आणि एवढेच म्हणतात, "अगं, तू होय!" संपली गोष्ट. ती नावाड्याची लेक होती.

गोष्ट मला फार आवडली. आवडली म्हणूनच तिला देखणे चित्र द्यावेसे वाटले. चित्रकलेच्या गुरुजींकडून पहिल्याच पानावर चित्र काढून घेतले: खवळलेली नदी, होडी, आणि वल्हे मारणारी मुलगी, तिची वेणी वाऱ्यावर उडते आहे. हस्तलिखित वर्गात फिरले. मुले चित्र पाहत, "ही नावाड्याची पोर" म्हणत आणि पाने उलटीत. शेवटच्या "अगं"पाशी कुणीच चमकले नाही. मधल्या सुट्टीत ती मुलगी माझ्याकडे आली. रागावलेली नव्हती. म्हणाली, "बाई, माझी गोष्ट तुम्ही आधीच सांगून टाकलीत."

खरेच होते ते. पान उघडले की डोळा आधी चित्रावर जातो, मग अक्षरांवर. लेखकाने शेवटच्या ओळीपर्यंत मुठीत धरून ठेवलेली गोष्ट चित्र पहिल्याच क्षणी सांडून टाकते.

पुरुष समजलेले पात्र स्त्री निघणे किंवा स्त्री समजलेले पुरुष निघणे, ही युक्ती जुनी आहे. पण अशा गोष्टीला चित्र निवडण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा: नवल कुणाला वाटायचे आहे? गोष्टीतल्या माणसांना की वाचणाऱ्याला?

आपले विराटपर्व घ्या. राजकन्या उत्तरेला नृत्य शिकवणारी बृहन्नडा म्हणजे अर्जुन, हे ऐकणाऱ्याला पहिल्यापासून ठाऊक असते. ठाऊक नसते ते राजपुत्र उत्तराला. तेव्हा इथे बृहन्नडा खुशाल दाखवावी. मात्र शाळेच्या संमेलनात तिच्या लुगड्याचेच हसे होते, तसे चित्रात करू नये. कौरवांची सेना पाहून रथातून उडी टाकून पळतो तो उत्तर. हसू यायचे ते त्याचे. मला विचाराल तर मी शमीचे झाड निवडीन. पांडवांनी आपली शस्त्रे त्या झाडावर लपवली होती, आणि कुणी जवळ फिरकू नये म्हणून तिथे एक प्रेत बांधून ठेवले होते. दसऱ्याला शमी पुजणाऱ्या आपल्या माणसांना ते झाड वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. ओळख झाकून उभे असलेले, आणि वेळ येताच गांडीव खाली देणारे झाड!

चीनमध्ये मुलानचे एक जुने गाणे आहे. ते उत्तर वेई राजवटीच्या, म्हणजे इ. स. ३८६ ते ५३४ या काळातले मानतात. म्हाताऱ्या बापाच्या ऐवजी मुलगी लढाईवर जाते. निघण्याआधी बाजारांतून घोडा, खोगीर, लगाम आणि चाबूक विकत घेते. १२ वर्षे बरोबर राहिलेल्या सोबत्यांना ती मुलगी असल्याचे कळते ते ती घरी परतून आपले जुने कपडे घालते तेव्हा. इथेही ऐकणाऱ्याला आरंभापासून माहीत असते, कारण गाणे सुरू होते तेव्हा ती मागावर बसलेली असते. आणि गाणे संपते ते दोन सशांच्या दाखल्यावर. धावताना त्यांतला नर कोणता आणि मादी कोणती हे ओळखू येत नाही. चित्रकाराला ससे आयतेच मिळाले म्हणायचे!

आता वाचणाऱ्यालाच चकवणारी गोष्ट. टोल्किन या इंग्रज लेखकाच्या 'द रिटर्न ऑफ द किंग' या १९५५ सालच्या पुस्तकात डर्नहेल्म नावाचा एक तरुण स्वार आहे. मेरी नावाच्या ठेंगू सोबत्याला तो आपल्या घोड्यावर घेतो. रणांगणावर कळते की ही राजाची भाची एओविन. मागे राहण्याची आज्ञा मोडून आलेली. शत्रूचा सेनापती बढाई मारतो की कुणी पुरुष मला अडवू शकत नाही, आणि तीच त्याला संपवते. अनेक चित्रकारांनी तिचे मोकळे सोनेरी केस रंगवले आहेत. प्रसंग भव्य आहे, पण ते चित्र त्या पानानंतर यावे. आधी द्यायचे तर नुसते शिरस्त्राण द्यावे. पहिल्या वाचनात ते एका शिपायाचे, दुसऱ्या वाचनात तिचे. दोन्ही वेळा खरे.

आपल्या मराठीत हे गुपित राखणे जास्त अवघड. "मी आलो" किंवा "मी आले" म्हटले की संपलेच. मग त्या सातवीतल्या मुलीने ते कसे साधले? तिची वाक्ये पुन्हा ऐका. दावं सोडलं, होडी लोटली, वल्हं घातलं. इथे क्रियापद कर्त्यामागे जात नाही, कर्मामागे जाते. दावं म्हणून सोडलं, होडी म्हणून लोटली. सोडणारा बाप्या की बाई, याचा पत्ता लागत नाही. व्याकरणाच्या तासाला आपण याला कर्मणी प्रयोग म्हणतो आणि मुले जांभया देतात. तिने मात्र त्याचा उपयोग करून दाखवला.

चित्राची युक्तीही हीच आहे, हे मला तेव्हा उमगले. करणारा दाखवू नका, केलेले काम दाखवा. मिशी, कुंकू, बांगडी ही चित्रातली "आलो" आणि "आले" आहेत.

मी गुरुजींकडे पुन्हा गेले. ते म्हणाले, "मग मुंडासं बांधलेला गडी काढतो." मी नको म्हटले. गुपित राखणे वेगळे आणि खोटे सांगणे वेगळे. वाचून झाल्यावर पोर मागे वळून चित्र पाहणार. तेव्हा चित्राने त्याला फसवलेले नसावे. शेवटी ठरले ते असे: खुंट्याचे सुटलेले दावे, चिखलात उमटलेली अनवाणी पावले, आणि पैलतीरावर मिणमिणता दिवा. पावले लहान काढली, पण निरखून पाहिल्याशिवाय ध्यानात येऊ नयेत अशी. जुन्या चित्रावर हे नवे चिकटवले.

पुढच्या वर्षीच्या सातवीने ती गोष्ट वाचली. शेवटी एक मुलगा थबकला, भराभर पाने मागे उलटून चित्रावर बोट ठेवून म्हणाला, "बाई, पावलं लहान आहेत. चित्रात होतंच की!"

मी विचारले, "मग तुला गडी का वाटला?"

तो जरा घुटमळला. म्हणाला, "गोष्टीत गडी म्हटलेलंच नाही. मीच म्हटलं."

श्रोतेहो, अशा गोष्टीचे सारे मोल या "मीच म्हटलं"मध्ये आहे. पुराच्या पाण्यात होडी घालणारा गडीच असणार, हे त्या पोराला कुणी शिकवले नव्हते. ते त्याच्या मनात आपसूक बसले होते. गोष्टीने ते त्याचे त्याला दाखवले. माझ्या पहिल्या चित्राने आधीच्या वर्गाची हीच संधी हिरावून घेतली होती, आणि लिहिणाऱ्या मुलीची मेहनतही.

म्हणून शिक्षकांना एवढेच सांगणे. भित्तिपत्रक असो, हस्तलिखित असो, की फोनवर शोधलेले तयार चित्र असो, ते लावण्यापूर्वी गोष्ट शेवटपर्यंत वाचा. आणि ज्या मुलाने किंवा मुलीने ती लिहिली असेल, त्याला किंवा तिला आधी विचारा, "तुझ्या गोष्टीत कोणती गोष्ट मी सांगायची नाही?" मी ते विचारायला एक वर्ष उशीर केला.