पत्रा चेपतो म्हणून माणूस वाचतो

रास अल खैमातल्या आपल्या मराठी घरांत गाड्यांचा विषय निघाला, की कुणीतरी हमखास म्हणतं, “जुनी पद्मिनी काय दणकट होती! आताच्या गाड्या म्हणजे नुसता पत्र्याचा डबा.” आज त्या डब्याची बाजू ऐकूया.

बंपरच्या मागे, इंजिनाच्या दोन्ही बाजूंना, पातळ पोलादाच्या पोकळ नळ्या असतात. समोरून धडक बसली की त्या पेटीच्या भात्यासारख्या घडीवर घडी पडत मिटतात. प्रत्येक घडीला पोलाद कायमचं वाकतं आणि त्यात गाडीच्या वेगातली ऊर्जा खर्च होते. नळी मध्येच एका बाजूला मोडली तर फारच कमी ऊर्जा शोषली जाते. म्हणून पहिली घडी कुठे पडावी, हे ठरवायला तिच्यावर मुद्दाम खाचा ठेवतात. आपण बसतो तो मधला भाग मात्र न चेपणारा, भक्कम असतो.

आता थोडा हिशोब. भारतात 2023 पासून सुरू झालेल्या ‘भारत एनकॅप’ चाचणीत गाडी समोरून ताशी 64 किलोमीटर वेगाने आदळवतात. या वेगातून 60 सेंटिमीटर अंतरात थांबलो, तर अंगावर सरासरी आपल्या वजनाच्या 27 पट जोर येतो. 5 सेंटिमीटरमध्ये थांबलो, तर 300 पटींहून जास्त! चेपणारा पत्रा आपल्याला हे थांबायचं अंतर मिळवून देतो.

पण ते मिळतं पट्टा बांधलेल्यालाच. बाकीचे त्याच वेगाने पुढे जाऊन समोर आदळतात. 4 सप्टेंबर 2022 ला पालघर जिल्ह्यात, चारोटीजवळच्या सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. पुढचे दोघे वाचले, मागचे दोघे गेले. मागच्यांनी पट्टे बांधले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं.

आणि मांडीवरचं बाळ? त्याच धडकेत 15 किलोचं मूल धरून ठेवायला 400 किलो पेलण्याएवढी ताकद लागेल. कुठल्या आईच्या हातांत ती असते? म्हणूनच जुलै 2017 पासून इथे मागच्यांनाही पट्टा आणि चार वर्षांपर्यंतच्या मुलांना वेगळी सीट सक्तीची आहे.

जुनी गाडी घेणाऱ्यांनो, आणखी एक. एकदा मिटलेली नळी ठोकून सरळ केली, तरी ती पुन्हा तशी मिटेल याचा भरवसा नसतो. अपघात झालेली गाडी जाणकाराला खालून दाखवा, वरचा रंग पाहून भुलू नका.

सुखरूप प्रवास करा.